किशोरचं हॉटेल आम्हीच बुडवलं

किशोर गेल्याचं मला त्याच्या बायकोनं फोनवर सांगितलं, आणि सांगताना ती रडत नव्हती, चिडलेली होती. सकाळची वेळ. मी तारापूरच्या आमच्या कारखान्यात, खरेदी विभागातल्या माझ्या टेबलावर चहा घेऊन बसलेलो. "वसंतभाऊजी, हे गेले. छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं सगळं," एवढं बोलून सुलभावहिनी थांबल्या... मला वाटलं, आता बांध फुटेल. फुटला नाही. "आता तरी या घरी," त्या म्हणाल्या, "आणि बाकीच्यांनाही सांगा. आता यायला कुणी संकोच करायचं कारण नाही." फोन बंद. त्याला आता सहा आठवडे झाले. ते बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसलोय. गोड लिहिणार नाही. गोड बोलणारे शोकसभेत पुष्कळ होते.

ती शोकसभा पालघरात एका शाळेच्या सभागृहात झाली. एक गृहस्थ म्हणाले, किशोरभाऊंनी आपल्या गावाला जेवायचं कसं ते शिकवलं. दुसरे म्हणाले, काळाच्या पुढचा माणूस होता. तिसरे तर माइक सोडेचनात. या तिसऱ्यांनी आपला पन्नासावा वाढदिवस किशोरच्या हॉटेलात वीस माणसं नेऊन साजरा केला होता आणि जाताना खिशात हात घालण्याचं नाटकसुद्धा केलं नव्हतं. मी मागच्या रांगेत दात आवळून बसलो होतो. मला चार शब्द बोलायला बोलावलं, तर घसा बसलाय असं खुणेनं सांगितलं. घसा ठणठणीत होता. उठलो असतो तर एकेकाचं नाव घेऊन बोललो असतो, आणि त्या यादीत माझं नाव पहिलं घ्यावं लागलं असतं.

किशोर आणि मी पालघरजवळच्या माहीमचे, शाळेत एका बाकावरचे. शाळा सुटल्यावर मी आयटीआय करून एमआयडीसीत चिकटलो आणि तो मुंबईत मोठ्या हॉटेलांच्या भटारखान्यात गेला. तिथून बोटीवर. परदेशी पाहुणे घेऊन समुद्रात फिरणाऱ्या त्या अवाढव्य बोटी असतात ना, त्यांच्या स्वयंपाकघरात त्यानं आयुष्याची सोळा-सतरा वर्षं काढली. पन्नाशीला टेकला तेव्हा परत आला आणि पालघर-बोईसर रस्त्यावर जागा घेऊन हॉटेल काढलं. बारा टेबलं, पांढरे चादरीसारखे टेबलक्लॉथ, मंद दिवे, गाणी नाहीत, टीव्ही नाही. नाव इंग्रजी, दोन शब्दांचं. ते नाव मी कुणाच्याही तोंडून कधी ऐकलं नाही. सगळे म्हणत, किशोरचं हॉटेल. घोळ माशाचा तुकडा कोळशावर भाजून खाली कैरीची पातळ चटणी घालायचा. थंडीत आपल्या वाडीतली उकडहंडी करायचा, मडक्यात भाजलेली कंदमुळं, वालाच्या शेंगा, सगळं आपलंच... पण मोठ्या थाळ्याच्या मधोमध एवढीशी, वर लसणाच्या पातीचा हिरवा तुरा. आजी गेल्यापासून तशी उकडहंडी खाल्ली नव्हती.

ते हॉटेल सव्वादोन वर्षांत बंद पडलं. का पडलं, यावर पालघरमध्ये प्रत्येकाचं मत आहे आणि ते न विचारता मिळतं. कुणी म्हणतं, जो माणूस सातपाटीला बोटीवरून उतरलेलं पापलेट सकाळी बघतो, तो संध्याकाळी तेच पापलेट चौपट पैसे देऊन कशाला खाईल? कुणी म्हणतं, आपल्याकडे सोमवार, गुरुवार, संकष्टी, श्रावण, मार्गशीर्ष वजा केले की मासे खायला दिवस उरतात किती? कुणी म्हणतं, ज्यांच्याकडे पैसा आहे ते दमणला जातात नाहीतर मुंबईला, आणि बोईसरचे कामगार स्वस्त थाळी मिळेल तिथंच बसतात. आणखी एक विद्वान म्हणतात, चार माणसांची टेबलं ठेवलीन, आपल्याकडे जेवायला बाहेर पडायचं म्हणजे मावशी-आत्यासकट अकरा जण पडतात. यात खोटं काहीच नाही. पण या सगळ्या अडचणींवर किशोरनं तोड काढली होती. टेबलं जोडून द्यायला लागला होता. सोमवार-गुरुवारी शाकाहारी ताट सुरू केलं होतं, ते इतकं सुंदर असायचं की त्या दोन दिवशी गर्दी जास्त. पहिले चार महिने तर जागा मिळायची नाही. मग ती माणसं गेली कुठं? हे मात्र कुणी विद्वान सांगत नाही, कारण सांगायचं तर आरशात बघावं लागतं.

मी सांगतो. किशोर ओळखीच्या माणसाकडून पैसे घ्यायचा नाही.

एवढंच. आणि पालघरात अनोळखी कोण असतं हो? शाळेतला, सासुरवाडीचा, भावाच्या मेहुण्याचा शेजारी, पूर्वी घराचं वायरिंग केलेला, लग्नाच्या पत्रिका छापलेला... बारा टेबलांपैकी नऊ टेबलांवर कुणीतरी 'आपलं' बसलेलं असायचं. बिल मागितलं की किशोर स्वतः आतून हात पुसत यायचा, म्हणायचा, "काय लाजवता का? पुन्हा या." मी एकदा चिडून विचारलं, तू धंदा करतोयस की वनभोजन? तर शांतपणे म्हणाला, "वसंता, सोळा वर्षं मी परक्यांना पैसे घेऊन वाढलं. आपल्या गावात येऊन आपल्या माणसांनाही तसंच वाढायचं, तर मी परत कशाला आलो?" मला तेव्हा ते फार मोठ्या मनाचं वाटलं. आज वाटतं, मूर्खपणा होता. मग घरी अन्नछत्र घालायचं होतंस ना बाबा, त्याला पांढरे टेबलक्लॉथ आणि सहा आचारी कशाला हवे होते?

त्याचं नुकसान पैशाचं झालं हे तर झालंच, पण त्याहून वाईट दुसरंच झालं. ते मी माझ्यावरूनच सांगतो. आमच्या प्लांटचे साहेब, मद्रासकडचे, अगदी सरळ माणूस. पुण्याहून तीन पाहुणे आले होते, मी मोठ्या ऐटीत सगळ्यांना किशोरकडे नेलं. जेवण असं झालं की पाहुण्यांपैकी एक जण आत जाऊन किशोरचा हात हातात घेऊन आला. बिलाची वेळ आली, तर किशोर हात जोडून उभा. "वसंताचे साहेब म्हणजे आमचेच." साहेब म्हणाले, भाई, पैसे कंपनीचे आहेत, माझे नाहीत, मला बिल लागतं. मी टेबलाखालून त्याचा पाय दाबतोय. तो हसतोय. शेवटी बिल आलंच नाही. साहेबांचा चेहरा उतरला. गाडीत बसल्यावर म्हणाले, "वसंतराव, अगली बार कहीं और चलेंगे. खाना अच्छा था, लेकिन मुझे एहसान नहीं चाहिए." आमची कंपनी त्या दाराशी परत गेली नाही. एमआयडीसीतल्या अशा किती कंपन्या एकेकदा येऊन गेल्या असतील, ते त्याचं त्याला ठाऊक.

साहेबांना जे एका दिवसात कळलं, ते आम्हाला हळूहळू कळलं. फुकट जेवायची ज्याला लाज वाटते तो माणूस दोनदा जातो, तीनदा जातो, मग जायचं टाळतो. ज्याला लाज नाही तो दर रविवारी जातो आणि सोबत आणखी चार नेतो. सहा महिन्यांत किशोरच्या हॉटेलात ही लाज नसलेली माणसं तेवढी उरली. भल्या माणसांनी काढता पाय घेतला, आणि गंमत बघा, आपण भले आहोत याचं आम्हाला मनातून बरंही वाटत होतं. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी मुलांनी बाहेर जेवायचं ठरवलं. बायको म्हणाली, किशोरभाऊजींकडे नको, ते घेणार नाहीत आणि मला घास गिळणार नाही. म्हणून बोईसरला एका साध्या हॉटेलात गेलो. आणि जाताना त्याच्या दारावरून गाडी न्यायला नको म्हणून मागच्या कच्च्या रस्त्यानं, खड्डे खात, वळसा घालून गेलो. तो रात्री एकटा काउंटरपाशी उभा राहून रस्त्याकडे बघत असायचा, हे मला माहीत होतं. मागच्या रस्त्यावर आमच्यापुढे आणखी दोन गाड्या होत्या. त्यातली एक ओळखीची होती.

खरं त्याच्या तोंडावर बोलली ती एकटी हिरा. सातपाटीची कोळीण, त्याला रोज सकाळी म्हावरं आणून द्यायची आणि पैसे रोखीनं मोजून घ्यायची. एका सकाळी मी तिथं होतो. टोपली उतरवून ती त्याला म्हणाली, "किशोर, तुजं हाटेल चालाचं नाय. तू पैसे घेत नाय." किशोर म्हणाला, आपल्या माणसांकडून कसे घेऊ? "का? आमी नाय घेत? माजी सख्खी भयीण येते, तिच्याकडनं बी घेते. म्हनून तर ती परत येते. नायतर तिला लाज नाय वाटाची?" किशोर नेहमीसारखा हसला. मी पण हसलो. दोन शिकलेसवरलेले मूर्ख उभे होते आणि शहाणी बाई रिकामी टोपली उचलून निघून गेली.

हॉटेल बंद झालं. किशोरनं माझ्याच कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य आचाऱ्याची नोकरी धरली. दोन भाज्या, डाळ, भात, चारशे माणसं. तक्रार केली नाही कधी. डाळीला अशी फोडणी द्यायचा की बिहारचे पोरगे तिसऱ्यांदा वाटी पुढे करायचे. त्याच्या जाण्याच्या महिनाभर आधी, दुपारी सगळे जेवून गेल्यावर तो माझ्यासमोर येऊन बसला. खांद्यावरच्या फडक्यानं मान पुसली आणि म्हणाला, "वसंता, एक विचारू? तू का यायचा बंद झालास रे? शेवटचं वर्षभर आला नाहीस. जेवण बिघडलं होतं का?"

मी आजवर इतक्या बैठका केल्या, इतक्या व्यापाऱ्यांशी घासाघीस केली, पण असा घाम फुटला नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं. ज्याला आख्खं गाव टाळत होतं, त्याला वाटत होतं की आपल्या हाताची चव गेली. सांगायला हवं होतं की चव नव्हती गेली रे, चव तर अशी होती की आजही आठवली की... तू बिल दिलं असतंस तर मी दर शनिवारी आलो असतो. सांगितलं असतं तर तो निदान तो एक संशय घेऊन गेला नसता. मी म्हणालो, "नाही रे, पित्ताचा त्रास सुरू झाला होता मला. बाहेरचं चालत नव्हतं."

दुसऱ्या दिवसापासून अकरा वाजता माझ्या टेबलावर आमसुलाच्या पाण्याची बाटली यायला लागली. त्यानं स्वतः केलेली, जिरं घातलेली. रोज. मला पित्त नाही, कधीच नव्हतं. मी रोज ती प्यायलो, आणि महिनाभर रोज ठरवत राहिलो की उद्या सांगतो. मग वहिनींचा फोन आला.

गेल्या आठवड्यात कळलं की सुलभावहिनींनी माहीमच्या घराच्या स्वयंपाकघराची रस्त्याकडची खिडकी मोठी करून घेतलीय आणि दुपारी तिथून जेवण विकायला सुरुवात केलीय. बोंबलाचं कालवण, भात, सोबत भाकरी. मी रविवारी गेलो. जाताना मनाशी सगळं घोकून ठेवलं होतं. वहिनी पैसे नको म्हणतील, मग मी आवाज चढवीन, म्हणीन, एकाचा जीव गेला तेवढं पुरे झालं, घ्या मुकाट्यानं. हिशेबानं जास्तच पैसे खिशात घेतले होते. खिडकीत वहिनी किशोरचा पांढरा एप्रन दोनदा दुमडून, कंबरेला करकचून बांधून उभ्या होत्या. मागं भिंतीला त्याच्या सुऱ्या ओळीनं टांगलेल्या, तो ठेवायचा तशाच, मोठीपासून लहानीपर्यंत. माझ्यापुढे चौघे होते, चौघेही गावातलेच. माझा नंबर आला. वहिनींनी पिशवी पुढे केली आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "भाऊजी, एकशेऐंशी."

आणि मला राग आला. खोटं कशाला बोलू? एवढं सगळं घोकून गेलेला मी, पण त्यांनी हात पुढे केला तशी आतून एक सणक आली... माझ्याकडून? पन्नास वर्षांची ओळख, आणि माझ्याकडूनही? क्षणभरच आली असेल, पण ती माझ्या तोंडावर उमटली, कारण वहिनींनी ती पाहिली. त्यांची नजर हलली नाही. तेव्हा मला कळलं की किशोर इतकी वर्षं कशाला भीत होता. पैसे मागितले की आमच्या प्रत्येकाचं तोंड असं होणार, हे तो बाकावर शेजारी बसायचा तेव्हापासून ओळखून होता. ते तोंड बघायला लागू नये म्हणून त्यानं हॉटेल जाऊ दिलं.

मी पाचशेची नोट पुढे केली. वहिनींनी ती उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "सुट्टे द्या भाऊजी. मागं लोक थांबलेत."