दुधातली भाकरी

कोमट दुधात बाजरीची भाकरी कुस्करली, की त्या वासानं मला विट्याकडचं आमचं कुत्रं आठवतं. माझ्या माहेरी मेंढरं नव्हती, सासरी मात्र कळप होता. पिलू आणलं तेव्हा सासऱ्यांनी बजावलं होतं, "त्येला दारात घालू नगं, मेंढरांच्या वाडग्यातच खायला दे." मी रोज कुंपणाच्या आत, मेंढरांच्या मधोमधच त्याची पितळी ठेवली, आणि बघता बघता पिलाचं दांडगं कुत्रं झालं. मग त्याच्या पायात काटा मोडला आणि सासरे त्याला घरी ठेवून कळप चारायला घेऊन लांब गेले. आता घरचंच झालं म्हणून मी दारात दूधभाकरी ठेवली. त्यानं हुंगलं आणि तोंड फिरवलं. अंडं दिलं, मटणाचा रस्सा दिला, तरी तेच. डॉक्टर म्हणाले, पाय सोडला तर काही झालेलं नाही. इकडे बरगड्या दिसायला लागल्या, तेव्हा मी सासूबाईंना विचारलं, "आत्याबाई, ह्याला झालंय तरी काय?" सासूबाईंनी पितळी उचलली आणि वाडग्यात नेऊन ठेवली. तिथं मागं राहिलेलं एकच कोकरू होतं. आधी कोकरानं तोंड घातलं, कुत्रं थांबलं, मग सगळं चाटूनपुसून खाल्लं. "ल्हानपणापास्नं त्यांच्यातच जेवलंय," सासूबाई म्हणाल्या, "येकट्याच्या घशाखाली उतरंल व्हय?" त्यानं माझ्याकडं मान वर करून बघितलंही नाही. भाकरी तर रोज मीच कुस्करत होते. आजही दुधात हात घातला, की कोडं पडतं, ते कुत्रं मी वाढवलं, का मेंढरांनी?