भंगारातला कार्बोरेटर

मंडळी, डाव्या हाताने टाइप करते आहे, चुका सांभाळून घ्या.

सडक अर्जुनीच्या भंगार बाजारात जुना नियम आहे: ज्याचा हात आधी पडला, पार्ट त्याचा. हे जिवंत होते तेव्हा आम्ही दोघे तिथे आमच्या जुन्या जीपसाठी पार्ट शोधायचो.

आज जीपला हवा तो कार्बोरेटर दिसला. मी हात ठेवला. मागून एक ओळखीचा मिस्त्री आला.

"बाई, हात काढ. नवरा त मेला तुझा, कायले पाहिजे?"

"जीप त आहे ना!"

त्याने पाना बोटांवर हाणला. मी हात काढला नाही. पुन्हा हाणला. शेवटी भंगारवाल्याने रॉड घालून त्याला पळवून लावले.

दोन बोटे मोडली. पोरगी ओरडते, "लोखंडासाठी?"

हे गेले तेव्हा दवाखान्यात लोकांनी ह्यांच्या हातातून माझा हात ओढून सोडवला होता. आज मी सोडवू दिला नाही. तुम्ही काढला असता का?