कोपऱ्यातला बगळा

बायकोलाही कधी सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो: अख्ख्या बालाघाटात माझा मामा ज्या चोराला शोधतो आहे, तो चोर मीच आहे. आणि असा मामा वैनगंगेच्या दोन्ही काठांवर दुसरा नाही, हेही लगोलग सांगतो, नाहीतर तुम्ही माझ्याकडेच बघत बसाल.

मामाचा फोटो स्टुडिओ होता. गावातली निम्मी लग्नं त्याने काढली, पण त्याच्या मते आयुष्यात खरा फोटो एकच झाला आणि तो मामीने काढला. रामपायलीला धानाच्या बांध्यांतून बगळे उठले तेव्हा मामा जेवणाचा डबा सोडत होता. मामीने कॅमेरा उचलून बटण दाबलं. मामाने कोपऱ्यात तिचं नाव टाकून तो फोटो नेटवर चढवला. आता रोज सकाळी चहाच्या आधी मोबाईलच्या इमेज सर्चमध्ये तो कुठेकुठे दिसतो ते बघतो, सासरी दिलेल्या लेकीची खुशाली घ्यावी तसा. सर्चमधल्या बोटभर चित्रांवर त्याचा राग नाही. "थे वानगी होय," तो म्हणतो. "दुकानात मूठभर तांदूळ हातावर घेऊन पाह्यला तं कोणी पैसे मागते का? अन् दुकान कोणाचं, हे बी सांगते थे. पण वरचं नाव खरडून पोतंच खांद्यावर मारशीन, तं मी सोडीन का?"

सोडत नाहीच. कुठल्याही फ्लेक्सवर तो फोटो दिसला की मामा शिडी लावतो आणि मार्करने मामीचं नाव लिहितो. एकदा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चढला. खाली कार्यकर्ते जमले. "काका, उतरो. नेट का माल सबका होता है." मामा वरूनच म्हणाला, "तेरी शादी का फोटो भी नेट पे है. दूल्हे की जगह अपना थोबडा चिपका दूँ?" नाव पुरं झाल्यावरच उतरला. घरी मामी म्हणाली, "मले काय करायचं हाय नावाचं?"

"तुले नसन करायचं. मले हाय."

शिडी धरायला मी असतो. माझं फ्लेक्सचं दुकान आहे. पहिला फ्लेक्स माझाच होता, एका राईस मिलच्या उद्घाटनाचा. गिऱ्हाईकाला नेमका त्याच कोपऱ्यात मोबाईल नंबर हवा होता. मामाला विचारलं असतं तर नाव ठेवावं लागलं असतं. मी विचारलं नाही; ती बाजूच कापली. वर तो कापलेला फोटो दुकानाच्या जाहिरातीसाठी नेटवर टाकला. तिथून सगळ्यांनी उचलला, आणि आता सर्चमध्ये तोच सगळ्यात वर येतो. "ज्यानं पह्यले कोपरा कापला, थो सापडू दे," मामा शिडीवरून म्हणतो. मी खालून "हौ मामा" म्हणतो आणि शिडी आणखी घट्ट धरतो.

परवा मामी पहिल्यांदाच असा एक फ्लेक्स बघायला ऑटोने आली. मामा नाव लिहून उतरला आणि बक्षीस मिळाल्यासारखा उभा राहिला. मामी बराच वेळ वर बघत होती.

"नाव तं लिवलं. पण या बाजूले एक बगळा होता, मांगं राह्यलेला. थो नाही दिसून राह्यला."

मामाने मार्करचं टोपण लावलं. बगळा त्याला काढता येत नाही.

हे मामा वाचेल. वाचू दे, शिडी घेऊन आला तरी दुकान उघडंच राहील. नाव त्याने जागोजागी भरून काढलं. तो मागे राहिलेला बगळा मात्र मी मामीला देणं लागतो.