भिंती ठोकणारा जासूद

जळकोटच्या फाट्यावरून आमच्या वस्तीकडे वळलं की उजव्या हाताला एक लहान घर लागतं. त्याच्या काळ्या दगडाच्या जोत्यात सुईसुद्धा शिरणार नाही. ते बब्रुवानने स्वतः बांधलेलं. आमच्या भागात दगड पुष्कळ आणि दगडाला हात घालणारेही पुष्कळ. पण हात घालण्याआधी त्याचं ऐकून घेणारा आता हा एकच उरला आहे, हे मी जरा अभिमानानेच सांगतो.

त्या घरातली रीत अशी. दगड उचलायच्या आधी हातोडीने हळूच ठोकायचा. खणकन वाजला तर जिवंत, तो भिंतीत घ्यायचा. भद्द वाजला तर आत चीर आहे. तो मुका, तो बाजूला टाकायचा. बब्रुवानचे वडील आप्पा हे काम डोळे मिटून करायचे. लेकानेही ते तसंच उचललं.

असा हा माणूस व्हिडिओ गेमच्या नादाला लागला कसा, हे पुष्कळांना पडलेलं कोडं. पंधरा वर्षांपूर्वी तो उमरग्याला शिवराजच्या दुकानात मोबाइल दुरुस्तीला गेला होता. तिथल्या कॉम्प्युटरवर एक गेम चालू होता. जुन्या काळातला एक जासूद शहराच्या गच्च्यांवरून पळत होता आणि त्याच्या खाली पाचशे वर्षांपूर्वीचं अख्खं शहर पसरलं होतं. मोबाइल दुरुस्त होऊन अर्धा तास झाला तरी बब्रुवान हलला नाही. पुढच्या महिन्यात त्याने शिवराजकडूनच एक जुना कॉम्प्युटर घरी आणला.

त्या गेमचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. आमच्याकडे त्याला 'जासूद' म्हणतात. दर दीड वर्षाने नवा भाग येतो. शहर नवं, शतक नवं, खलिता पोचवण्याचं काम तेच. आजवर अकरा भाग झाले. संध्याकाळी हातपाय धुऊन, चहा घेऊन बब्रुवान तासभर बसायचा. पण तो खेळायचा कसा, ते बघण्यासारखं होतं. जासूद शहरात शिरला की पहिलं काम म्हणजे दिसेल त्या भिंतीवर तलवार आपटायची आणि ऐकायचं. मागून शिपाई धावत येताहेत, राजा खलित्याची वाट बघतोय आणि हा वेशीची कमान ठोकत उभा.

शिवराज त्याला हसायचा. "दादा, लोक गेम जिंकायलेत अन् तुमी भिंती वाजवायलाव. राजा मेला तिकडं."

"मरू दे," बब्रुवान म्हणायचा. "राजे लई हाईत. ही कमान बघ. मधला दगड वरून न्हाय, आतून सारलाय."

आणि ते नुसतं बोलणं नव्हतं. पाचव्या भागातली ती कमान डोक्यात ठेवून त्याने येडशीला एका मंदिराच्या ओवरीची कमान बसवली. ती आजही जाऊन बघावी. त्या शहरांत वीट वेगळी वाजायची, मातीची भिंत वेगळी, चुन्यात बसवलेला दगड त्याहून वेगळा. कोण कुठल्या देशातली माणसं हे आवाज गोळा करत फिरली असतील, याचं बब्रुवानला मोठं कुतूहल होतं. "त्यांच्यातबी कुणीतरी आपल्यातला असंल," असं तो म्हणायचा.

यंदा संक्रांतीनंतर अकरावा भाग आला. चौथ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो तर कॉम्प्युटर चालू होता, जासूद एका चौकात नुसता उभा होता आणि बब्रुवान खिडकीतून बाहेर बघत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाय. मन लागंना." मग पडद्याकडे बोट करून म्हणाला, "सगळ्या भिंती एकसारख्या वाजायल्यात मला."

त्याची बायको अयोध्या भाकरी थापत होती. ती आतूनच म्हणाली, "आवो, मग बंद करा की. पंधरा वर्सं झाली. सवतसुद्धा इतकी टिकत न्हाय."

बब्रुवान हसला नाही. त्याला काय झालं होतं ते मला उशिरा उमगलं, आणि त्यासाठी आप्पांची गोष्ट सांगितली पाहिजे.

बावन्नाव्या वर्षी आप्पांनी एक दिवस हातोडी कोनाड्यात ठेवली. "दगड गप झालाय," एवढंच म्हणाले आणि पुन्हा तिला हात लावला नाही. वस्तीने त्याचं कौतुकच केलं, विरक्ती आली म्हणून. पुढे पाच-सहा वर्षांनी घरच्यांच्या ध्यानात आलं की आप्पा फक्त उजव्या बाजूने, तेही मोठ्याने बोललेलं ऐकतात. विरक्ती कसली, कान गेले होते. आणि ते त्यांनी हातोडी ठेवल्यावर नव्हे, त्याच्या दोन वर्षं आधीपासून जात होते. त्या दोन वर्षांत दगडाचा धक्का हाताला कळायचा आणि आप्पांना वाटायचं की आपण ऐकतोय. हाताने कानाला फसवलं. त्या काळात बांधलेल्या एका विहिरीचा काठ नंतर ढासळला. कुणी दगावलं नाही, पण आप्पा मरेपर्यंत त्या वाटेने गेले नाहीत.

गेममधला दगड हाताला लागत नाही. तिथे ऐकणारा फक्त कान. म्हणून तिथल्या भिंती मुक्या झाल्या तेव्हा बब्रुवानला आप्पांचे कान आठवले. अंगणातले दगड तो ठोकून बघत होता, ते वाजतही होते. पण ते कान सांगत होता की हात, हे ठरवायचं कसं?

आणि नेमकी हीच वेळ होती. वस्तीच्या जुन्या बारवेची एक बाजू गेल्या पावसाळ्यात खचली होती. त्या कामासाठी ग्रामपंचायतीच्या द्वारकाबाई तीनदा येऊन गेल्या. "बब्रू, होय तरी म्हण, न्हाय तरी म्हण. बायका अजून त्याच पायऱ्या उतरायल्यात." तिन्ही वेळा तो "बघू" म्हणाला. एक मुका दगड त्या भिंतीत गेला तर काय होईल, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

शेवटी आम्ही दोघे उमरग्याला कानाच्या दवाखान्यात गेलो. तपासणारी मुलगी तरुण होती, समृद्धी तिचं नाव. तिने विचारलं, "काका, काय त्रास होतोय?"

"गेम खेळू वाटंना," बब्रुवान म्हणाला.

तिने माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. ती हसली नाही, याचं मला बरं वाटलं. तिने त्याला काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. तो डोळे मिटून दाबत राहिला. शिट्टी बारीक होत गेली, तिच्यापुढच्या कागदावरची रेघ सरळ चालत राहिली. शेवटी तिने हेडफोन काढले तेव्हा तो म्हणाला, "म्याडम, तिकडच्या खोलीतल्या पंख्याचं एक पातं घासायलंय. बघून घ्या."

"काका, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत," ती म्हणाली.

आता दुसरा कुणी असता तर आनंदाने घरी आला असता. बब्रुवान मला घेऊन तडक शिवराजच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "पहिला भाग लाव. अन् शेजारी अकरावा लाव."

शिवराजने दोन कॉम्प्युटर मांडले. पहिल्या भागात बब्रुवानने वेस ठोकली, विहीर ठोकली, धान्याचं कोठार ठोकलं. आम्हा तिघांनाही तीन वेगळे आवाज ऐकू आले. मग अकराव्यात राजवाडा ठोकला, झोपडी ठोकली, पूल ठोकला. टक. टक. टक.

"अरे व्हय की," शिवराज म्हणाला. "कवा ध्यानातच आलं न्हाय."

बब्रुवान पडद्याजवळ वाकला. राजवाड्याच्या भिंतीत एका दगडाचा डावा कोपरा उडालेला होता. झोपडीच्या भिंतीतही तोच दगड होता, तोच कोपरा उडालेला. पुलावरही तोच. "एकच भिंत हाय," तो म्हणाला. "सगळ्या गावाला एकच भिंत चिकटवलीय. आपल्यातला माणूस गेला वाटतं तिथून."

"मग पहिलाच खेळा की पुन्यांदा," शिवराज म्हणाला. "कॉपी देऊ?"

बब्रुवानने पहिल्या भागात दहा मिनिटं आणखी फिरून पाहिलं. कुठल्या वळणावर कुठली भिंत, तिचा आवाज कसा, सगळं त्याला आधीच ठाऊक होतं. तो उठला.

"नको. हे ऐकून झालंय."

आम्ही परतीच्या एस.टी.त बसलो. मला वाटलं, त्याला वाईट वाटत असेल. तर तो म्हणाला, "बारव कोणत्या काळातली असंल? तिचा चुना पिवळसर हाय. आपल्या भागातला न्हाय तो. कुठून आणला असंल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई बारवेवर आल्या तेव्हा हा आधीच खाली उतरला होता. कोसळलेले दगड ओळीने मांडून एकेक ठोकत होता. हातोडी नेहमीसारखी मुठीत धरली नव्हती, दोरीला बांधून लोंबती सोडली होती आणि झोका देऊन दगडावर आपटत होता. हाताला धक्का कळू नये म्हणून.

"होय म्हणायचं का न्हाय?" त्यांनी वरून विचारलं.

"जरा गप बसा, काकू," तो खालून म्हणाला. "ऐकायलोय."