जिवंत काँक्रीटची टाकी

भिंतीला भेग दिसली की बिराजदार सरांचा चेहरा खुलायचा. कुणाच्या वास्तुशांतीला गेले तरी आधी घरभर फिरून भेग शोधायचे, तिच्यात नख घालायचे आणि यजमानाला म्हणायचे, "घाबरू नका. हिला औषध आहे आपल्याकडं." यजमान बिचारा पेढ्यांचं ताट हातात धरून नुसता बघत राहायचा.

सोलापुरातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते सिव्हिलचे प्राध्यापक आणि मी त्यांच्या लॅबमधला सहायक. अर्धं सिमेंट काढून त्याजागी वीजकेंद्रातली कोळशाची राख घालायची आणि त्यात भेगा बुजवणारे जिवाणू मिसळायचे, हे त्यांचं संशोधन. संशोधन चांगलंच होतं. लॅबमध्ये ओल्या ठेवलेल्या ठोकळ्यांच्या भेगा पांढऱ्या चुन्यानं बुजलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. वाईट एवढंच, की ते सरांच्या हाती लागलं होतं. "साधं काँक्रीट मेलेलं असतं हो, माझं जिवंत आहे," हे वाक्य ते चहाच्या टपरीवरही ऐकवायचे.

मंद्रूपच्या पुढं एका वस्तीला उन्हाळाभर टँकर लागतो. ते पाणी साठवायला वस्तीला टाकी हवी होती आणि सरांना फोटोसाठी काहीतरी हवं होतं, त्यामुळं जमलं. टाकी उभी राहिल्यावर वस्तीवरच्या पारूबाई पोती भिजवून तिच्यावर टाकायला निघाल्या, तर सरांनी त्यांना अडवलं. "पाणी मारायचं नाही. पाणी न मारता तयार झालेली टाकी, अशी बातमी यायचीय."

"आवो, पन तडकंल की ती!"

"तडकू द्या. आपोआप भरून येईल. जिवंत आहे ती."

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "सर, राखेच्या काँक्रीटला तर जास्त दिवस ओल लागते. आणि पाण्याशिवाय जिवाणू जागे होत नाहीत, हे तुम्हीच शिकवता."

"ते परीक्षेसाठी," सर म्हणाले.

बातमी आली, सत्काराची शाल आली, आणि टाकी खालपासून वरपर्यंत तडकली. पहिल्या टँकरचं पाणी दुपारपर्यंत शेजारच्या रानात गेलं. सर म्हणायचे, पाणी भरून ठेवा म्हणजे भेगा बुजतील. वस्ती म्हणायची, भेगा बुजवा म्हणजे पाणी भरू. बाया पुन्हा घागरी घेऊन टँकरमागं धावू लागल्या आणि सर त्याच टाकीवर गावोगाव व्याख्यानं देऊ लागले. मला त्या माणसाची भयंकर चीड यायची.

पुढं त्या टाकीच्या जोरावरच त्यांना पुण्याच्या मोठ्या कॉलेजातून बोलावणं आलं. जाण्याआधी टाकीचा एक शेवटचा फोटो हवा म्हणून मला सोबत घेऊन गेले. आम्ही पोचलो तेव्हा पारूबाई वरचं झाकण उघडून टाकीत तुरीचं भुसकाट ओतत होत्या. मला वाटलं, आता तरी हा माणूस मान खाली घालेल.

"सर, लई चांगली हाय बगा तुमची टाकी," पारूबाई म्हणाल्या. "भुसकाट कसं एकदम कोरडं ऱ्हातंय."

सर खूश झाले. "बघा! बहुउपयोगी!" त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला आणि पाठीनं भेग झाकून टाकीला टेकून उभे राहिले. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. पारूबाई घागर उचलून पळाल्या, तसे सर ओरडले, "अहो थांबा, फोटोत या! आणि ती घागर तेवढी बाजूला ठेवा. टाकी रिकामी वाटते."