मक्यात उतरलेलं विमान

लुबना शेख बायकांना स्कूटी शिकवते. तिचा नवरा अफजल रिक्षा चालवायचा. अपघातात त्याचा पाय अधू झाला, तेव्हा तिनं घरातली जुनी स्कूटी बाहेर काढली आणि आधी शेजारणींना, मग त्यांच्या ओळखीतल्यांना शिकवायला लागली. संभाजीनगरच्या रस्त्यांवर शिकाऊ बाईला कोण जागा देणार? म्हणून ती सगळ्यांना शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर नेते.

ही पट्टी दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी केली, इथवर सगळ्यांचं एकमत आहे. पुढं सगळा घोळ. लुबनाचे सासरे हबीबमियाँ सांगायचे, इथं लढाऊ विमानं रोज उतरायची. शेजारच्या वस्तीवरचे मोतीराम म्हणतात, एकबी उतरलं नाय, पट्टी होईस्तोवर लढाईच संपली. नंतर म्हणे निजामाच्या फौजेचे तंबू पडले, मग एका दुष्काळात गुरांची छावणी झाली. आता मोतीराम अन् त्यांचे भाऊबंद तिथं मका वाळत घालतात. जमीन कुणाची हे तलाठ्यालाही धड सांगता येत नाही.

गेल्या जानेवारीतली सकाळ होती. बँकेतून निवृत्त झालेल्या उमाताई स्कूटीवर होत्या, लुबना बाजूनं पळत होती. कुठूनतरी घरघर ऐकू आली. लुबनाला वाटलं, ट्रॅक्टर असेल. मान वर केली तर धुक्यातून एक छोटं पांढरं विमान समोरून खाली येत होतं.

"उमाताई, बाजूला!"

उमाताईंनी ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर पिळला. स्कूटी त्यांना घेऊन कडेच्या मक्यात घुसली आणि आडवी झाली. तेच बरं झालं. विमान मक्याचे दाणे उडवत, खडखडत त्यांच्या जवळून गेलं अन् बाभळींच्या अलीकडं थांबलं.

आतून एकोणीस-वीस वर्षांची मुलगी उतरली. मनस्विनी तिचं नाव; विमान चालवायला शिकत होती, आणि दूरच्या प्रवासाला पहिल्यांदाच एकटी निघाली होती. तिनं मक्याकडं पाहिलं, आडव्या स्कूटीकडं पाहिलं.

"काकू, हे संभाजीनगरचं एअरपोर्ट ना?"

लुबना गडबडली. "शहर तर हेच है, बेटा. पन एअरपोर्ट तिकडं, चिकलठाण्याला."

"पण पट्टी तर हीच दिसली."

मुलीनं आपल्या शिक्षकांना फोन लावला. "सर, मी उतरलेय." पलीकडून सर ओरडले, एअरपोर्टवाले म्हणतात तू तिथं दिसत नाहीस, आहेस कुठं? तिनं फोन लुबनाच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा."

आता काय सांगणार? या जागेला धड नावही नव्हतं. "साहेब," लुबना म्हणाली, "मक्यात."

मुलगी विमानाच्या चाकापाशी खाली बसली. कपाळावरची धूळ पुसत उमाताई तिच्याजवळ गेल्या आणि तिला पाणी पाजलं. मोतीराम धावत आले. मका विसरून विमानाभोवती फिरत राहिले. "लुबनाबी, आता कुणी इचारलं तर मी काय सांगू? उतरलं की नाय?"

दोन ठाण्यांचे पोलीस आले. हद्द कुणाची, यावर त्यांचंच जमेना. लुबनाला विचारलं, "तुम्ही इथं कुणाच्या परवानगीनं येता?"

"कुणाची घ्यायची ते सांगा, साहेब. घेते."

पोलिसांनी वहीत तिचं नाव तेवढं लिहून घेतलं. शेवटी विमानाचे पंख सुटे केले आणि ते ट्रकवर चढवून नेलं. आठवड्यानं पट्टीच्या तोंडाशी साखळी लागली. कुणी लावली, माहीत नाही. पुढं ती कुणीतरी काढूनही नेली, तेव्हा लुबना पुन्हा जायला लागली. उमाताई आता एकट्या गाडी चालवतात, पण अजून वळताना आभाळाकडं बघतात.

मनस्विनीचा एकदा फोन आला. तिचं उडणं चौकशी होईपर्यंत बंद होतं.

"काकू, तुम्ही पाहिलंत ना? मी उतरवलं कसं?"

लुबनाला विमानातलं काय कळतंय? तिला आठवला तो नुसता आवाज, अन् उडालेले मक्याचे दाणे. "सीधं उतरवलंस, बेटा," ती म्हणाली. मग आपल्याला काही कळत नसताना हे बोलायला हवं होतं की नको, याचा ती बराच वेळ विचार करत बसली.