डाव्या बाजूची हाक

भुताखेतांचा विषय निघाला की चहाचा कप उचलून बाजूला सरकणारा माणूस मी. बिडकीनला माझं सुटे भाग बनवायचं वर्कशॉप आहे. जे मोजता येतं तेच खरं, अशा धंद्यात आयुष्य गेलं... त्यामुळे हे लिहितानाही जरा ओशाळल्यासारखं होतंय. पण लिहितो.

चाळिशीनंतर मला विमान उडवायचं खूळ लागलं (शब्द बायकोचा). खासगी पायलटचं लायसन्स मिळालं, पण ते मोकळ्या आकाशापुरतं. ढगात शिरायचं तर वेगळं रेटिंग लागतं — बाहेर काहीच दिसत नसताना फक्त समोरच्या यंत्रांवर विमान चालवायचं. सरावाला डोळ्यांना झापडं लावतात, घोड्याला लावतात तशी.

तिथेच माझं घोडं अडलं. आम्ही सोयगावकडचे मेंढपाळ. लहानपणी आबांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, मी डोंगरात मेंढरं राखलीत. धुक्यात काही दिसेनासं झालं की आबा सांगायचे, "डोळं मीट. आवाजाकडं कान कर." मग जीभ टाळूला लावून ते टर्र... टर्र करायचे आणि मेंढरांसोबत मीही त्या आवाजाकडे चालत जायचो. ती सवय अंगात इतकी मुरलेली की झापडं लावली की माझी मान आपोआप डावीकडे कलायची — आणि मानेमागोमाग विमान. अशा वेळी शरीर फसतं, कललेलं विमान सरळच वाटतं. आमच्या इन्स्ट्रक्टर वैद्य मॅडम वैतागून म्हणायच्या, "कानानं विमान उडवू नका हो. समोरची रेघ बघा." समोरच्या तबकडीतली आडवी रेघ म्हणजे क्षितिज. दोन वेळा त्यांनी मला परीक्षेला पाठवायचं नाकारलं.

आबांची शेवटची दोन वर्षं पक्षाघातात गेली. वाचाच गेली होती. गेले तेव्हा एक शब्द बोलले नाहीत. नंतर मी मोबाइलमध्ये त्यांचा आवाज शोध शोध शोधला... एक रेकॉर्डिंग नाही. फोनवर ते "हं" म्हणायचे आणि फोन आईकडे द्यायचे. मला त्यांचा चेहरा आठवतो, पण आवाज आठवेनासा झाला होता. याचा त्रास मी कुणाला सांगितला नव्हता.

ऑगस्टमधली गोष्ट, सकाळचे साडेनऊ. चिकलठाण्याहून निघालो, हर्सूलचा तलाव मागे पडला आणि आम्ही खऱ्याखुऱ्या ढगात शिरलो. मी डाव्या सीटवर, मॅडम उजव्या. माझ्या डावीकडे फक्त दार, आणि दारापलीकडे पांढरं.

टर्र... टर्र.

हेडफोनमधून नाही. माझ्या डाव्या कानामागून, हातभर अंतरावरून.

मॅडम म्हणाल्या, "हा कसला आवाज?"

माझी मान कलायला लागली होती, आणि खरं सांगतो, मला ती कलू द्यायची होती. विमानाचं काय व्हायचं ते होवो, एकदा बघायचं होतं. तेवढ्यात आबांचाच आवाज, नाकात बोलणारा, जसाच्या तसा —

"इकडं बघू नको. मान सरळ ठिव रं."

जन्मभर आवाजाकडे कान कर म्हणणारा माणूस!

मी समोर पाहिलं. रेघ तिरपी झाली होती, वेग वाढत चालला होता. मॅडमचा हात कंट्रोलकडे येईपर्यंत मी विमान सरळ केलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण मान हलवली नाही. ढगातून बाहेर आल्यावर डावीकडे पाहिलं. काही नव्हतं.

उतरल्यावर मेकॅनिकने दार, इंजिन, रेडिओ सगळं तपासलं. दोष सापडला नाही. मॅडमनी ती टर्र ऐकली होती, पुढचे शब्द नाही. त्या आजही म्हणतात, दाराचं रबर वाजलं असेल. असेलही. मग ते बोलणं कुणाचं, हे मला सांगता येत नाही.

रेटिंग मिळालं. आता मान आपोआप कलत नाही. पण मॅडम शेजारी असल्या आणि ढग लागला, की मी मुद्दाम जराशी कलवतो. आबा रागावतील या आशेनं थांबतो थोडा वेळ... मग माझी मीच सरळ करतो.